वाचकांचे प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्सची निवड आणि निगा

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असून वसतिगृहात राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे सहा आहे आणि तिला आता लेन्स हव्या आहेत. चष्म्याच्या चिठ्ठीवरून त्या ऑनलाइन मागवल्या तर चालतील का? रोज बदलायच्या घ्याव्यात की महिनाभर वापरायच्या?
– एक पालक, सांगली

उत्तर : चष्म्याच्या चिठ्ठीवरून लेन्स मागवू नये. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर अंतरावर असते आणि लेन्स थेट डोळ्यावर बसते. नंबर चारपेक्षा कमी असेल तर या अंतराने फारसा फरक पडत नाही. परंतु आपल्या मुलीच्या उणे सहा नंबरच्या चष्म्याऐवजी लेन्स मात्र उणे साडेपाचच्या आसपासची लागेल. शिवाय लेन्सला वक्रता आणि व्यास असतो, आणि ही दोन्ही मापे चष्म्याच्या चिठ्ठीवर नसतात. बाजारात 8.4 आणि 8.6 मिलिमीटर अशा वक्रतेच्या लेन्स सर्रास मिळतात. आकड्यांतला फरक किरकोळ वाटला, तरी घट्ट बसलेली लेन्स डोळ्याला चिकटून राहते, तिच्याखाली अश्रूंची देवाणघेवाण होत नाही आणि संध्याकाळपर्यंत डोळा लाल होतो; सैल लेन्स प्रत्येक उघडझापीबरोबर सरकते आणि नजर सारखी धूसर होत राहते.

म्हणून पहिली लेन्स नेत्रतज्ज्ञाकडे किंवा प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्टकडेच, म्हणजे डोळे तपासून चष्मा-लेन्स देणाऱ्या तंत्रज्ञाकडेच, बसवून घ्यावी. तेथे पारपटलाची, म्हणजे कॉर्नियाची, वक्रता मोजतात आणि अश्रू पुरेसे आहेत की नाही ते पाहतात. मग चाचणीची लेन्स घालून वीसेक मिनिटे बसवतात व सूक्ष्मदर्शकाखाली ती किती हलते ते तपासतात. सिलिंडर नंबर असेल तर लेन्स आपल्या अक्षावर स्थिर राहते का, हेही तेव्हाच कळते. लेन्स घालायला आणि काढायला शिकवल्याशिवाय जो दुकानदार डबी हातात ठेवतो, त्याच्याकडून लेन्स घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनी, वक्रता, व्यास आणि नंबर लिहिलेली लेन्सची स्वतंत्र चिठ्ठी मागून घ्यावी. त्यानंतर नेमकी तीच लेन्स ऑनलाइन मागवायला हरकत नाही; मात्र वर्षातून एकदा तपासणी करावी.

रोजच्या की महिन्याच्या, याचे उत्तर डोळ्यापेक्षा राहण्याच्या पद्धतीवर अधिक अवलंबून आहे. वसतिगृहात बेसिन सामायिक असते, पाणी टाकीचे असते, आणि परीक्षेच्या दिवसांत डबी स्वच्छ ठेवण्याइतका वेळ व शक्ती उरत नाही. अशा ठिकाणी रोज नवी उघडून रात्री फेकून द्यायची लेन्स सर्वांत सुरक्षित, कारण तिला डबी नाही, सोल्यूशन (लेन्स साफ करून बुडवून ठेवायचा जंतुनाशक द्रव) नाही आणि साठवणुकीत होणाऱ्या चुकाही नाहीत. ती महाग पडते हे खरे आहे. खर्च झेपत नसेल तर एरवी चष्मा आणि कार्यक्रम, खेळ किंवा प्रवास असेल त्या दिवशी रोजची लेन्स, अशी विभागणी करता येते. रोजची लेन्स जपून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालणे मात्र कधीही करू नये. लेन्स घेतली तरी अद्ययावत नंबरचा चष्मा जवळ असलाच पाहिजे, कारण डोळा दुखला की लेन्स काढावी लागते, आणि चष्मा नसलेली मुले दुखऱ्या डोळ्यात लेन्स तशीच ठेवतात.

प्रश्न : मी दोन वर्षे महिन्याच्या लेन्स वापरतो. सोल्यूशन महाग असल्याने डबीतल्या जुन्यातच रोज थोडे नवे घालतो. संपलेच तर घरच्या फिल्टरचे पाणी वापरतो. कधी रात्रीच्या बसमध्ये लेन्स घालूनच झोप लागते. आजवर काही त्रास झाला नाही. यात धोका आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : धोका आहे, आणि त्रास झाला नाही म्हणून तो कमी होत नाही. आपण लिहिलेल्या तीन सवयींपैकी पाण्याची सवय आजच थांबवावी. नळ, विहीर, टाकी, पोहण्याचा तलाव, या सगळ्या पाण्यांत अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला तर तो सहसा काही करत नाही. पण लेन्सला चिकटून पारपटलावरच्या बारीकशा ओरखड्यात शिरला की तेथे ठाण मांडतो. तो स्वतःभोवती जे कवच तयार करतो त्याला पाण्यातले क्लोरीन पुरे पडत नाही, आणि औषधोपचार कित्येक महिने चालतात. घरचा फिल्टर पाणी पिण्यायोग्य करतो, निर्जंतुक करत नाही. उकळलेले पाणीही भांड्यात आणि हाताला लागले की निर्जंतुक राहत नाही, शिवाय त्यात लेन्समधले जंतू मारणारे काहीच नसते. आंघोळ करताना आणि पोहताना लेन्स काढून ठेवायची, तीही याच कारणासाठी.

जुन्यात नवे ओतण्याबद्दल. सोल्यूशनमधला जंतुनाशक अंश रात्रभरात खर्ची पडतो, आणि उरलेल्या गढूळ द्रवात ताजे चार थेंब घातले तर तेही पातळ होतात. 2007 साली अमेरिकेत अकँथअमीबाच्या संसर्गाची चौकशी झाली, तेव्हा धोका वाढवणाऱ्या कारणांमध्ये हीच सवय पुढे आली होती. म्हणून सकाळी डबीतून लेन्स काढून डोळ्यात घातल्यावर डबीतले सोल्यूशन पूर्ण ओतून द्यावे, डबी ताज्या सोल्यूशननेच खळबळून घ्यावी, स्वच्छ टिश्यूने पुसावी आणि झाकणे उघडी ठेवून पालथी घालून वाळवावी. डबी तीन महिन्यांनी बदलावी. बाथरूममधल्या दमट कोनाड्यात ती ठेवू नये.

रात्री लेन्स काढल्यावर ती नुसती बुडवून ठेवणे पुरेसे नसते, मग बाटलीवर चोळण्याची गरज नाही असे छापलेले का असेना. साबणाने हात धुऊन स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाला कोरडे करावेत. लेन्स तळहातावर ठेवून दोन-तीन थेंब सोल्यूशन घालावे आणि तर्जनीच्या पेराने, नख लागू न देता, दोन्ही बाजूंनी हलके चोळावे. चिकट थर सुटतो तो या चोळण्याने, आणि जंतू त्या थरातच दडलेले असतात. मग सोल्यूशनची धार सोडून डबीत ठेवावी. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात केली म्हणजे अदलाबदल होत नाही. घालताना लेन्स बोटाच्या टोकावर धरून बाजूने पाहावे : कड वाटीसारखी सरळ वर आली असेल तर लेन्स सुलटी, बाहेर झुकली असेल तर उलटी. सलाइन हे सोल्यूशन नव्हे, ते केवळ धुण्यापुरते असते. त्याचप्रमाणे महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट उघडल्यापासून एक महिना; मध्ये दहा दिवस घातली नाही म्हणून ते दहा दिवस पुढे ढकलता येत नाहीत.

झोपेचे कारणही समजून घ्यावे. पारपटलाला रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो. पापणी मिटली की हा पुरवठा निम्म्याहून खाली येतो. त्यात वर लेन्स असेल तर पेशी सुजतात, आवरण दुबळे होते आणि जंतूंना वाट मिळते. सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्समधून प्राणवायू जास्त जातो हे खरे, तरीही लेन्स घालून झोपणाऱ्यांत संसर्गाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. रात्रीच्या बसला चष्मा लावूनच चढावे.

प्रश्न : बहिणीच्या लग्नासाठी ब्यूटी पार्लरमध्ये रंगीत लेन्स लावून देणार आहेत. नंबर नाही, एका दिवसाचाच प्रश्न आहे. चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नंबर नसला तरी लेन्स डोळ्यावरच बसणार आहे, त्यामुळे मापाची गरज तेवढीच आहे. पार्लरमध्ये एकच जोडी अनेक जणींना लावली जाण्याची शक्यता असते आणि ते अत्यंत घातक आहे. हौस असेल तर लग्नाआधी तपासणी करून स्वतःची नवी, रोज बदलायची रंगीत जोडी घ्यावी. लेन्स मेकअपच्या आधी घालावी आणि मेकअप पुसण्याच्या आधी काढावी. होमाच्या धुराने डोळे चुरचुरले तर चोळत बसण्यापेक्षा ती काढून टाकणे बरे.

प्रश्न : लेन्स वापरताना डोळा लाल झाला तर मेडिकलमधून थेंब आणून एक-दोन दिवस वाट पाहावी का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वाट पाहू नये. प्रथम लेन्स काढावी. काढल्यावर तासाभरात लाली आणि खुपणे कमी झाले नाही, किंवा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अंधूक झाली असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लेन्स वापरणाऱ्यांत स्यूडोमोनास या जिवाणूचा व्रण एका-दोन दिवसांत पसरू शकतो आणि बरा झाला तरी बुबुळावर फूल पडून नजर कायमची जाऊ शकते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने लाली उतरते, रुग्णाला बरे वाटते, आणि बुरशीचा किंवा अमीबाचा संसर्ग आतल्या आत वाढत जातो. डोळ्यावर पट्टी बांधू नये. काढलेल्या लेन्स, डबी आणि सोल्यूशनची बाटली धुऊ किंवा फेकू नये. ती तशीच सोबत न्यावीत, कारण डोळ्यातून घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडला नाही तरी डबीत सापडू शकतो आणि योग्य औषध लवकर सुरू करता येते. पुन्हा लेन्स कधी घालायची हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत चष्माच वापरावा, आणि तेव्हाही लेन्स व डबी नवीच घ्यावी.