पॉलिसीवर कर्ज काढून घड्याळ घ्यावं का?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात असं: "वय 38. घरात कमावता मी एकटाच. पत्नी आणि दोन मुलं, धाकटं चार वर्षांचं. 1960च्या दशकातल्या एका गाजलेल्या डायव्हर (पाण्याखाली वापरायच्या) घड्याळाची जुन्या घाटाची नवी आवृत्ती आली आहे, मर्यादित नगांची. किंमत माझ्या हातात येणाऱ्या तीन पगारांइतकी. वापरणार नाही, सीलबंद ठेवून दहा वर्षांनी विकेन. अशा घड्याळांचे भाव वाढतातच, रोलेक्सचंच बघा. दुकानदार बिनव्याजी हप्ते देतो आहे. आतेभाऊ विमा एजंट आहे, तो म्हणतो पॉलिसीवर 10 टक्क्यांनी कर्ज काढ. दोन्हीपैकी काय करू?"

दोन्हीपैकी काहीच नाही.

तुम्ही सगळे आकडे पगारात दिलेत ते बरं झालं, मीही तसेच मोजतो. 10 टक्क्यांनी काढलेल्या 3 पगारांचे दहा वर्षांत पावणेआठ होतात. विकताना समोरचा व्यापारी आपला नफा काढणारच. चौथा हिस्सा त्याचा धरा. म्हणजे बाजारभाव साडेदहा पगारांवर गेला, साडेतीन पट झाला, तर तुम्ही आज आहात तिथेच असाल. बिनव्याजी हप्त्यांत व्याज दिसत नाही एवढंच. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही.

आणि भाव वाढावा तरी कशामुळे? ब्लांपां, रोलेक्स यांनी 1953च्या सुमारास आणलेली डायव्हर घड्याळं समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या कामाची होती. लोकांनी ती घासून वापरली. काचा गेल्या, काटे बदलले, दुरुस्तीत तबकड्याच नव्या बसल्या. सगळे मूळ भाग शाबूत असलेले नग थोडे उरले, म्हणून ते महाग. तुमच्या घड्याळाच्या तबकडीवरचा सायीसारखा पिवळेपणा वयाने आलेला नाही, कारखान्यातच मिसळलेला आहे, आणि घेणारे बहुतेक तुमच्यासारखेच सीलबंद ठेवणारे. दहा वर्षांनी असे कोरे नग ढिगाने विकायला येतील. डब्यात ठेवलं म्हणून आतलं तेल जुनं व्हायचं थांबत नाही, रबरी सील कडक होतातच. गिऱ्हाईक सर्व्हिसिंगचा खर्च वजा करूनच भाव सांगेल.

'मर्यादित' या शब्दावर फार विसंबू नका. सीकोने आपल्या 1965च्या पहिल्या डायव्हर घड्याळाची नवी आवृत्ती 2017मध्ये 2,000 नगांची काढली. 2020मध्ये तेच घड्याळ निळ्या तबकडीत आणखी 1,100 नग. त्याच वर्षी त्याच घाटाचं, नगांची मर्यादा नसलेलं मॉडेलही बरंच स्वस्तात आलं. कंपनीचा यात काही दोष नाही. घड्याळं विकणं हाच तिचा धंदा. रोलेक्सचं उदाहरण तुम्ही दिलंत, तर त्यांचे जुन्या बाजारातले भावही 2022च्या सुरुवातीला शिगेला पोचून नंतर घसरले होते.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय: पॉलिसीचा हप्ता वर्षाला एक पगार, मुदत 20 वर्षं, 8 हप्ते भरून झाले, शेवटी बोनस धरून 35 पगार मिळतील, विमा 20 पगारांचा. दुसरा विमा नाही. गृहकर्ज 40 पगार शिल्लक, दर 9 टक्के. बँकेत दीड पगार.

हे वाचल्यावर घड्याळ मी बाजूलाच ठेवलं.

उद्या तुमचं बरंवाईट झालं तर घरी, बोनस सोडून, 20 पगार येतील आणि बँक 40 मागेल. पॉलिसीवर कर्ज काढलंत तर कंपनी ते व्याजासकट कापून घेईल, म्हणजे जेमतेम 17 येतील. सोबत एक सीलबंद घड्याळ, जे कुठे आणि कितीला विकायचं हे घरात कोणालाच माहीत नसेल. घरखर्च अर्धा पगार म्हणता, म्हणजे वर्षाला 6, वीस वर्षांचे 120. त्यात कर्जाचे 40 आणि मुलांच्या शिक्षणाचे 20 मिळवा. विमा हवा 180 पगारांचा. तुमच्याकडे आहे त्याच्या नऊपट.

तो साध्या टर्म विम्यातच, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्यातच, परवडतो. "काही झालं नाही तर पैसे बुडतात" हे आतेभावाचं वाक्य मी इतक्या पत्रांत वाचलंय की ते एजंटांना पाठ करून घेतात की काय, अशी शंका येते. त्याला टर्म विम्यावर फारसं कमिशन सुटत नाही, हे मात्र तो सांगत नाही. आणि "35 मिळतात म्हणजे 75 टक्के फायदा" हा हिशेबही त्याचाच असणार. दर वर्षी 1 भरून वीस वर्षांनी 35 म्हणजे वर्षाला सुमारे 5 टक्के. बँकेला 9 टक्के द्यायचे आणि विमा कंपनीला 5 टक्क्यांनी पैसे वापरायला द्यायचे, हे तुम्ही आठ वर्षं करताय.

तरी पॉलिसी आज धावत जाऊन मोडू नका. मोडली तर 6 पगार मिळतील असं लिहिलंय. भरलेले 8 विसरा, ते गेले. आजचे 6 आणि पुढची बारा वर्षं दरसाल 1 गृहकर्जात भरलात तर 9 टक्क्यांनी 38-39 पगारांची किंमत होते. पॉलिसी चालू ठेवलीत तर 35, तेही बोनस कबूल केल्याइतके आले तर. फरक आहे, पण आभाळ कोसळावं इतका नाही. नवा विमा मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत जुना हप्ता चुकवू नका. मग मोडा. मिळालेल्या 6 पैकी 3 बँकेत, सहा महिन्यांचा घरखर्च म्हणून. उरलेले 3 कर्जात. हो, घड्याळाची किंमतही 3च आहे. ते माझ्याही लक्षात आलं.

घड्याळाची हौस खरी असेल तर त्याच कंपनीचं अमर्यादित मॉडेल एका पगारात येतं, असं तुम्हीच लिहिलंय. टर्मचा हप्ता जाऊन सुटणाऱ्या पैशातून दोन-तीन वर्षांत ते रोखीने येईल. घ्या, हातावर घाला, ओरखडे पडू द्या.

एक राहिलं. टर्मला वैद्यकीय तपासणी लागते आणि तुम्ही अधूनमधून सिगारेट ओढता, म्हणून हप्ता चढेल, या भीतीने आतेभावाने तो विषय टाळला. चढेल, बराच चढेल. तरी बहुधा आताच्या हप्त्याच्या आतच राहील. अर्ज स्वतः भरा, त्याच्याकडून भरून घेऊ नका. तंबाखूच्या रकान्यात 'हो' लिहा, महिन्याला एक ओढत असलात तरी.