‘शाळेचं काम आहे, मॅडमना फोन करा’

ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आहे. जूनमध्ये सेवाज्येष्ठतेनं पदोन्नती मिळाली. पण शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष शाळेच्या कामासाठी माझ्या मिस्टरांना फोन लावतात. म्हणतात, ‘बाईमाणसाला कशाला ताण?’ मिस्टर दुसऱ्या शाळेवर शिक्षक आहेत, बैठकीला माझ्या शेजारी येऊन बसतात. एक ज्येष्ठ सर माझं प्रत्येक काम ‘बघू’ म्हणून टाळतात. पालक तर मलाच विचारतात, ‘मोठे सर कुठायत?’ पद सोडून पुन्हा वर्ग घ्यावा, असं वाटतंय.

बाई, तो अर्ज आत्ता लिहू नका. तुम्ही सोडलंत तर बाईला जमलं नाही, एवढंच गावात उरेल. जमू कुणी दिलं नाही, हे कुणीच सांगणार नाही.

अध्यक्षांचा मला राग आला, पण सुरुवात घरातून करावी लागेल. तुमचे मिस्टर मायेनं येतात, हे दिसतंय. तरी त्यांची खुर्ची बैठकीतून निघाली पाहिजे. २०११ पासून राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि तरीही कितीतरी गावांत सरपंचबाईंच्या नवऱ्यालाच सरपंच म्हणतात. तीच सवय आता शाळेत शिरलीय. आज रात्रीच त्यांना सांगा: फोन आला की ‘शाळेचं काम आहे, मॅडमना फोन करा’ म्हणायचं आणि ठेवायचा. निरोपसुद्धा घरी आणायचा नाही. मदतच करायची तर संध्याकाळचा स्वयंपाक त्यांनी बघावा. तेवढ्या वेळात तुमचं कॅशबुक पूर्ण होईल.

आता समिती. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे तिच्यात पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. सदस्य सचिव तुम्ही आहात. बैठकीची नोटीस तुमच्या सहीनं निघते, इतिवृत्त तुम्ही लिहिता. बायकांच्या सह्या-अंगठ्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरत असेल तर ते आधी थांबवा. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका सकाळीच रानात जातात, म्हणून दुपारची बैठक धरली की येतात फक्त पुरुष. बहुतेक गावांत बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते. तो दिवस धरा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला एक शंका आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात, आणि मागं राहणाऱ्या लेकरांचं हंगामी वसतिगृह समितीमार्फत चालतं. स्वयंपाक कुणी करायचा, किराणा कुठून भरायचा, यात पैसा आहे. ‘बाईमाणसाला ताण नको’ ही काळजी बऱ्याचदा तिथूनच येते.

त्या ज्येष्ठ सरांशी वाद घालू नका, स्टाफसमोर तर नाहीच. काम सूचना वहीत लिहा, तारीख घाला, त्यांची सही घ्या. दोनदा लिहूनही झालं नाही तर वहीच केंद्रप्रमुखांपुढे ठेवा. बोलणं तुमच्या कपड्यांवर, चारित्र्यावर गेलं तर मात्र गप्प बसू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात समिती असते.

पालकांवर रागावू नका. त्यांनी त्या खुर्चीवर आजवर सरच पाहिलेत. ‘मीच मुख्याध्यापक, बोला’ म्हणा आणि त्यांचं काम तिथल्या तिथं करून द्या. दाखला हातात पडला की पुढच्या वेळी ते तुमच्याकडेच येतील.

वसतिगृहाच्या यादीची नोटीस याच आठवड्यात काढा. लेकरं ज्यांच्याजवळ राहणार त्या आज्यांनाही बैठकीला बोलवा. कोणत्या पोराला आईशिवाय झोप लागत नाही आणि कोणती पोरगी धाकट्या भावासाठी शाळा बुडवते, हे त्या सांगतील. अध्यक्षांनी आणलेल्या नावांवर सही करायच्या आधी या आज्यांचं ऐका.