‘मार्कर’ला खूण म्हणावे का?

फोंड्याहून विचारणा आली आहे. कोड आणि थायरॉइडच्या रुग्णांसाठी मराठी पत्रक करायचे आहे, त्यात ‘प्रतिकारयंत्रणेच्या खुणा’ हे ‘इम्यून सिग्नलिंग मार्कर’साठी चालेल का?

चालणार नाही. कातडीच्या आजारात ‘खूण’ वाचली की माणूस आधी हातावरचा डाग पाहतो. इथे मोजायचे आहे रक्तात. ‘दर्शक’ लिहा.

‘सिग्नल’ मात्र त्यातून गाळू नका, कारण प्रत्येक दर्शक हा संदेश नसतो. कोडात त्वचेच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारयंत्रणेच्या संदेश-प्रथिनाच्या प्रभावाखाली सीएक्ससीएल-१० नावाचे प्रथिन सोडतात. रापण (मासेमारीचे मोठे जाळे) ओढायला किनाऱ्यावरून हाक जावी तसे ते. ज्या टी-पेशींवर (प्रतिकारयंत्रणेच्या लढाऊ पेशींवर) सीएक्ससीआर-३ हा ग्राहक, म्हणजे संदेश पकडणारा रेणू, असतो त्यांना ती ऐकू येते, त्या तिथे जमतात आणि रंगपेशी मारतात. हीच हाक रक्तात मोजली की दर्शक होते. म्हणून सीएक्ससीएल-१० ला ‘संदेशदर्शक’ म्हणता येईल. अँटी-टीपीओ ही थायरॉइडमधल्या एका विकराविरुद्धची (एन्झाइमविरुद्धची) प्रतिपिंडे. ती दर्शक खरी, पण कुणाला बोलावत नाहीत, तेव्हा तिथे नुसते ‘दर्शक’. मूळ मजकुरात दोन्ही एकाच ओळीत असले तर ओळ तोडा.

‘दर्शक’च्या जागी ‘निदान’ तर मुळीच नको. सीएक्ससीएल-१० कोडात वाढते, थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार दाहात वाढते आणि साध्या विषाणुसंसर्गातही वाढते. शिवाय ही रोजची तपासणी नव्हे. कोडाच्या रुग्णाला सहसा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ सांगतात. पत्रकात ही दोनच नावे ठळक करा, नाहीतर लोक प्रयोगशाळेत जाऊन भलतेच मागतील.

‘ऑटोइम्यून’ला ‘स्वयंप्रतिकार’ रूढ आहे, असू द्या. पण ‘स्वयं’मुळे ‘आपोआप होणारा’ असा अर्थ डोकावतो, आणि पुष्कळांना वाटते की प्रतिकारशक्ती कमी झाली. मग काढे सुरू. एकदा तरी फोडून लिहा: ‘प्रतिकारयंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते.’ कुंपणाने शेत खाल्ले म्हटले तरी कळेल.

‘मला थायरॉइड आहे’ हे बोलण्यात ठीक. ती ग्रंथी सगळ्यांनाच असते, त्यामुळे छापताना ‘थायरॉइडचा विकार’ लिहा. परिभाषेतली ‘अवटू’ दवाखान्यात कुणी म्हणत नाही.

राहिला ‘कोड’. ‘श्वेतकुष्ठ’ टाळाच, महारोगाशी याचा काही संबंध नाही. गंमत अशी की ‘कोड’ही ‘कुष्ठ’वरूनच आला. मराठीत तो पांढऱ्या डागांपुरता उरला, हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे मात्र महारोगच. गोव्यात तेच पत्रक हिंदी वाचणाऱ्याच्याही हाती पडते, लिपी एकच. तेव्हा शीर्षकात ‘कोड (पांढरे डाग)’ असे लिहा आणि खाली लगेच ‘हा संसर्गजन्य नाही’. नुसते ‘कोड’ ठेवले तर पिनकोडही आठवेल.