स्क्रिप्टलाही दिसत नसतं : वाचकांचे प्रश्न

सांगली-साताऱ्याकडचे स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना पडद्यावरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीएसारखा प्रोग्रॅम) वापरणारे कर्मचारी, विद्यार्थी, दुकानदार आता छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या आज्ञांच्या फाइली, स्वतः लिहू लागलेत, हे छानच. पण काही अडलं की पहिला फोन मित्राला, दुसरा मित्राच्या मित्राला. प्रश्न माझ्यापर्यंत येईतो मशीनमधलं निम्मं काढून टाकलेलं असतं. गोंधळ मात्र तेच ते. म्हणून निवडक प्रश्न थोडक्यात करून इथे घेते आहे.

सकाळी तीन प्रोग्रॅम एकदम उघडावेत म्हणून नोटपॅडमध्ये बॅच फाइल केली. एंटर मारलं की नोटपॅडच उघडतं. (विटा)

फाइलच्या नावाला शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ चिकटलंय. एक्सप्लोररमध्ये फाइलनेम एक्स्टेन्शन्स दाखवायचा पर्याय चालू करा, एफ२ दाबून ते शेपूट काढा.

कंट्रोल-ऑल्ट-एन ला स्क्रिप्ट लावली. ती चालत नाही, एनव्हीडीए मात्र परत सुरू होतो. (मिरज)

तो एनव्हीडीएचाच शॉर्टकट आहे. दुसरी की घ्या.

मैत्रिणीच्या लॅपटॉपवर चालणारी ऑटोहॉटकीची (आपल्या वतीने की दाबणाऱ्या प्रोग्रॅमची) स्क्रिप्ट माझ्याकडे एरर देते. कॉलेजातला एक जण म्हणतो, ऑटोहॉटकी आणि एनव्हीडीएचं पटत नाही, एनव्हीडीए काढून बघ. (मिरज)

काढून बघणार कसं, ते त्यालाच विचारा. असले सल्ले देणाऱ्यांना स्वतःचा मॉनिटर बंद करून तासभर बसवायला हवं.

दोघींच्या मशीनवर आवृत्त्या वेगळ्या असणार. ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि तिने लिहिण्याची पद्धतच बदलली. पहिलीसाठी लिहिलेली स्क्रिप्ट दुसरीत जशीच्या तशी चालत नाही. एररची चौकट आल्यावर घाबरून एस्केप मारू नका. एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट) आणि बी दाबा, सगळी चौकट वाचून दाखवली जाईल. चुकलेल्या ओळीचा क्रमांक तिच्यातच असतो.

आवृत्ती एकच निघाली तर अवतरणचिन्हं तपासा. वर्ड किंवा मेसेजमधून कोड चिकटवला की सरळ चिन्हांची वाकडी होतात आणि ऐकताना फरक कळेलच असं नाही. त्या चिन्हावर जाऊन नंबर पॅडवरचा २ लागोपाठ तीनदा दाबा. आकडा ३४ आला तर ठीक, ८२२० किंवा ८२२१ आला तर पुसून हाताने टाइप करा.

पतसंस्थेत आहे. लॉगिन, तारीख, दिवसअखेरचा रिपोर्ट हे सगळं स्क्रिप्ट करते. परवा पासवर्ड लॉगिनच्या चौकटीऐवजी उघड्या राहिलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाइप झाला, वर एंटरही गेला. मित्र म्हणतो, स्लीप (स्क्रिप्टला थांबवणारी आज्ञा) दोनचे पाच सेकंद कर. (तासगाव)

आधी पासवर्ड बदला. पुढचं नंतर वाचा. आणि शाखाधिकाऱ्यांच्या कानावर घाला. मेसेज डिलीट केला म्हणून तो कुणी वाचलाच नाही असं होत नाही.

आता मित्राचा सल्ला. हाच सल्ला मला दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकावा लागतो. स्लीप फक्त वेळ मोजतो. समोर काय उघडलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अपडेट चालू असेल, सर्व्हर रेंगाळला असेल, तर पाच सेकंदही अपुरे पडतात आणि फोकस, म्हणजे दाबलेली की जिथे पोचते ती जागा, असेल तिथे स्क्रिप्ट टाइप करून मोकळी होते. भलतीच विंडो पुढे आली तर डोळस माणसाला ती दिसते, तो हात आवरतो. आपल्याला स्पीचवरून कळतं आणि स्पीच मागून येतं. एनव्हीडीए विंडोचं नाव उच्चारेपर्यंत स्क्रिप्टने चार टॅब आणि एंटर मारलेला असतो. स्क्रिप्टला दिसत नाही, तुम्हाला उशिरा कळतं, आणि त्या मधल्या वेळात जे व्हायचं ते होऊन जातं.

म्हणून वेळेची नाही, विंडोची वाट पाहायची. ऑटोहॉटकीत त्यासाठी विन-वेट-ॲक्टिव्ह आहे. त्याला विंडोचं शीर्षक द्या आणि दहा सेकंदांची मुदत घाला. मुदतीत ती विंडो पुढे आली नाही तर स्क्रिप्टने एकही की न पाठवता थांबायचं. थांबताना गप्प राहायचं नाही, साउंडबीपने खालच्या सुरात आवाज करायचा. काम फत्ते झालं तर वरचा सूर. अपयशाचा आवाज नसलेली स्क्रिप्ट मी विद्यार्थ्यांकडून घेतच नाही. एकदा तपासलं म्हणजे झालं, असंही नाही. मध्येच एखादी चौकट उगवून फोकस पळवू शकते, तेव्हा महत्त्वाच्या प्रत्येक रकान्याआधी तीच विंडो अजून पुढे आहे ना, हे परत बघायचं. एस्केप दाबल्यावर स्क्रिप्ट जागीच बंद होईल अशीही एक ओळ हवी.

टॅब मोजून रकान्यात जाणंही सोडा. अपडेटमध्ये एक रकाना वाढला की तारखेच्या जागी रक्कम. ऑल्टसोबत अक्षर दाबून थेट रकान्यात जाता येत असेल तर ती वाट धरा. रकान्यावर आलात की एनव्हीडीए ते अक्षर सांगतो.

आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहायचाच नाही. ती साध्या मजकुराची फाइल आहे, तुमच्या खुर्चीवर बसणाऱ्या कुणालाही उघडता येते. स्क्रिप्टने पासवर्डच्या रकान्याशी थांबून बीप द्यावा, टाइप तुम्ही करावं. इथे लोकांच्या ठेवींचा प्रश्न आहे. संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय ही स्क्रिप्ट पुन्हा चालवू नका, आणि दिवसअखेरच्या रिपोर्टची सॉफ्टवेअरमध्येच काही सोय आहे का, हे पुरवठादार कंपनीला विचारा. असेल तर स्क्रिप्ट लागणारच नाही.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. माझी स्क्रिप्ट एक्सेलमध्ये चालते, बिलिंगमध्ये एकही की पोचत नाही. एनव्हीडीए तिथे नीट बोलतो. (सांगली)

बिलिंगचा प्रोग्रॅम बहुधा ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने सुरू होतो. साध्या हक्कांच्या प्रोग्रॅमने ॲडमिनच्या विंडोत की पाठवायच्या नाहीत, हा विंडोजचा व्हिस्टा आवृत्तीपासूनचा नियम. इन्स्टॉल केलेल्या एनव्हीडीएला तिथे जायची खास मुभा असते. पेनड्राइव्हवरचा पोर्टेबल एनव्हीडीए त्याच विंडोत गप्प बसेल.

स्क्रिप्टही ॲडमिन म्हणून चालवा, असं कुणीतरी सांगेल. चालेलही. पण मग तिची चूकसुद्धा ॲडमिनच्या हक्कानेच होईल. बिलिंगला हे हक्क लागतात कशाला, ते आधी पुरवठादाराला विचारा. पुष्कळदा बसवणाऱ्याने घाईत तशी खूण करून ठेवलेली असते. मालकांना सांगितल्याशिवाय मात्र काही बदलू नका.

स्क्रिप्टमधून मराठी वाक्य टाकलं की भलतीच अक्षरं उमटतात. (कराड)

नोटपॅडमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना एन्कोडिंगच्या यादीतून ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ निवडा. बीओएम ही फाइलच्या सुरुवातीची खूण. ऑटोहॉटकीच्या पहिल्या आवृत्तीला ती लागते, दुसरीला साधं यूटीएफ-८ चालतं. मूळ मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पडद्यावर मराठी दिसतं, आत दुसरीच अक्षरं साठवलेली असतात आणि स्क्रीन रीडर आतलं वाचतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये करून घ्या. शाळेचे दाखले असतील तर रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं कुणा जाणत्याकडून तपासून घ्याच.

एक जण एनव्हीडीए आणि तयार स्क्रिप्टचं ‘किट’ विकतो. बसवताना अँटीव्हायरस बंद ठेवा म्हणतो. घ्यावं का? (सातारा)

नाही. एनव्हीडीए पहिल्यापासून मोफत आहे. शिकवण्याचे पैसे जरूर घ्यावेत, त्यात मेहनत आहे. फुकट वस्तू खोक्यात घालून विकण्यात कसली मेहनत? ऑटोहॉटकीपासून बनवलेल्या ईएक्सई फाइलींवर अँटीव्हायरस कधी कधी उगाच संशय घेतो, हे खरं. म्हणूनच ईएक्सई घ्यायची नाही, वाचता येईल अशी मूळ स्क्रिप्ट मागायची आणि जाणकाराकडून तपासून मगच चालवायची. मूळ द्यायला विक्रेता कांकू करत असेल तर तिथून निघा.

एक्सेलच्या नव्या फाइलमधला मॅक्रो (फाइलच्या आतली स्क्रिप्ट) दिवाळीपासून बंद आहे. भाचा सुट्टीत येईल तेव्हा बघेल म्हणून थांबलो. आता मार्चअखेर आली. (जत)

फाइल मेलवर आली होती ना? इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो ऑफिस २०२२ पासून अडवतं. तशी पट्टी वर येते, पण स्क्रीन रीडर ती आपणहून वाचेलच असं नाही. एफ६ दाबत गेलात की सापडते. फाइल पाठवणाऱ्याला फोन करून ती त्यांनीच पाठवली होती ना, याची खात्री करा. मग फाइल बंद करून तिच्यावर ऑल्ट-एंटर दाबा, जनरल टॅबमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करा, ओके म्हणा. दोन मिनिटांचं काम दिवाळीपासून पडून आहे. एवढ्याने मॅक्रो चालला नाही तर भाच्याची वाट न बघता आजच तुमच्या हिशेबनीसांना सांगा. हाताने बेरजा करायला त्यांना चार दिवस तरी मिळायला हवेत.