गोंडीचा वर्ग गप्पच!

प्रश्न : मूळची गडचिरोलीची, राहते गोरेगावात. रात्री साडेनऊला मोठ्यांना ऑनलाइन गोंडी शिकवते. सगळे कॅमेरा बंद करून गप्प. काय करू?

उत्तर : ताई, विरार लोकलमध्ये चेंगरून आलेल्या माणसाला चारचौघांत चुकायची लाज वाटते. (कन्नड शिकताना मीही माइक 'बिघडवायचो'.) तिघातिघांचे गट करा. गोंडीची मसराम लिपी १९१८ची, देखणी; पण आधी महिनाभर देवनागरीच चालवा. पाण्याचा पेला हातात धरून प्रत्येकाला 'येर' (पाणी) म्हणू दे, मगच घोट! गोंडी द्राविडी, तेलुगूची नातलग, हे पहिल्याच दिवशी सांगा. मग मराठीचे साचे लावत बसणार नाहीत. आणि चंद्रपूरकडचा कुणी शब्द वेगळा उच्चारला, तर त्याला चूक म्हणू नका.