जुन्या व्यापाऱ्याचं राखून ठेवलेलं घर पाहायचं आहे. वेंगुर्ल्याची डच वखार त्यासाठी जाण्याजोगी आहे का? आठवीतल्या मुलाला कंटाळा येईल का?

जाण्याजोगी आहे, जरूर या. मात्र मांडून ठेवलेलं घर बघायला मिळेल असं मनात धरून येऊ नका. पेटारे, तराजू, खतावण्या असलं काही वखारीत नाही. मूळचं लाकूडकाम कधीच गेलं. उरल्या त्या जांभ्या दगडाच्या जाडजूड भिंती आणि त्यांतली दारं-खिडक्यांची भगदाडं. गावात पत्ता विचारलात तर एखादा म्हणेलही, "थंय काय आसा बघूक? नुसते भिंती." हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या समुद्री व्यापाराचं इतकं थेट उभं असलेलं घर आपल्या किनाऱ्यावर फारसं उरलेलं नाही.

मी शेजारच्या शिरोड्याची. शाळेत इतिहास शिकवते आणि मुलांना घेऊन वखारीवर जात असते. त्या अनुभवावरून सांगते, आधी वखारीत जाऊ नका. आधी वेंगुर्ल्याच्या बंदरावर जा. तिथे उभं राहून मुलाला दक्षिणेकडे बघायला सांगा. किनारा तसाच पुढे गोव्याला जातो, आणि या वखारीचं सगळं कारण तिकडे आहे.

डचांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये निघाली. मसाल्याच्या व्यापारात तिचा मुख्य शत्रू पोर्तुगीज, आणि पोर्तुगीजांची राजधानी गोवा. १६३६ पासून डच जहाजं गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसू लागली. पावसाळा सरला की यायचं आणि पुढचा पाऊस लागायच्या आत निघायचं. म्हणजे महिनोन् महिने शेकडो खलाशी समुद्रावर. त्यांना गोडं पाणी हवं, तांदूळ हवा, जळण हवं, मांस हवं, आणि गोव्यात काय चाललंय याची खबर हवी. हे सगळं गोव्याच्या जवळ पण पोर्तुगीजांच्या हाताबाहेर मिळायला हवं. वेंगुर्लं नेमकं तसं होतं. इथे अंमल विजापूरच्या आदिलशहाचा. १६३७ मध्ये योहान व्हान ट्विस्ट हा कंपनीचा वकील विजापूरला गेला, बोलणी झाली आणि वेंगुर्ल्यात डचांचं बस्तान बसलं. पक्की तटबंदीची वखार त्यानंतरची, सतराव्या शतकाच्या मध्याची.

एवढं बंदरावर सांगून झालं की मग वखारीकडे चला. आता मुलाला त्या भिंती वेगळ्या दिसतील.

आत शिरताना आधी भिंतीची जाडी बघा. व्यापाऱ्याच्या घराला एवढ्या भिंती कशाला, हा प्रश्न मुलांकडूनच येतो, आणि तो आला की अर्धं काम झालं. अशा वखारींची सर्वसाधारण रीत अशी, की खाली माल आणि वर माणसं. तळाला कोठारं, कारण मिरी-वेलचीची पोती कोरडी राहायला हवीत आणि चोरापासूनही जपायला हवीत. वर कारभाऱ्यांची राहण्याची आणि लिहिण्याची जागा, वारा लागेल अशी. भिंतीत ओळीने चौकोनी खाचा दिसल्या तर तिथे मुलाला थांबवा. तुळया बसवायच्या जागा अशाच असतात. त्या ओळीच्या वर एक पाऊल ठेवल्याची कल्पना करायला सांगा. माझ्या वर्गातली मुलं इथे अगदी गप्प होऊन वर बघत राहतात, आणि मग एकदम दहा प्रश्न विचारतात.

जांभाही हाताने चाचपून बघू द्या. खाणीतून काढताना तो मऊ असतो, म्हणून चिरे सहज तासता येतात, आणि वाऱ्यापावसात राहून तो घट्ट होतो. परदेशी कंपनीचं घर असलं तरी अंगण, चिरा, पाथरवट सगळं इथलंच. कोकणातल्या कुठल्याही घराच्या जोत्याशी ही भिंत नातं सांगते.

टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या त्या काळात वेंगुर्ल्याला येऊन गेला होता. त्याने इथल्या वेलचीची तारीफ केली आहे आणि डच जहाजं इथे पाणी भरायला येतात हेही लिहून ठेवलं आहे. पण माझ्या लेखी या घराची सगळ्यात मोठी मिळकत वेलची नव्हे, पत्रं. इथले डच कारभारी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला, नियमित खबरा धाडत. कोण राजा चाल करतोय, कुठला रस्ता बंद आहे, भाव काय. १६७४ मधल्या शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची हकीकत वेंगुर्ल्याहून गेलेल्या डच पत्रातही आहे. रायगडावरची गोष्ट या गावातून समुद्रापार गेली, हे वर्गात सांगते तेव्हा मला स्वतःलाच दर वेळी भरून येतं.

या पत्राच्या आधीच, १६६३ मध्ये, डचांनी कोचीन घेतलं होतं, त्याच सुमारास पोर्तुगीजांशी तह झाला आणि नाकेबंदी संपली. मिरीचा मोठा व्यापार मलबारात गेला. वेंगुर्ल्याचं महत्त्व हळूहळू ओसरलं. १८१२ मध्ये गाव सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं.

आता सोयीचं. कुडाळ आणि सावंतवाडी ही दोन्ही रेल्वे स्टेशनं जवळ आहेत, तिथून एसटी मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, तेही सकाळी. पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ आणि पायाखाली गवत माजतं, तेव्हा मुलांना घेऊन जाऊ नका. पायात बूट हवेत. भिंतींवर चढू देऊ नका, वरचे चिरे सुटे असू शकतात. हे संरक्षित स्मारक आहे. आत जाता येईल की नाही ते त्या दिवशी गावात विचारूनच ठरवा. फाटक बंद असेल तर बाहेरून फेरी मारली तरी बांधणी कळते. वखारीला तास-दीड तास पुरे. उरलेल्या वेळात क्रॉफर्ड मार्केटमध्ये जा. मासळी, कोकमं, काजू मिळतात, आणि बाजार पाहिला की बंदराचं गाव म्हणजे काय ते कळतं.

नीट राखलेलं जुनं घर बघायचंच असेल तर एक करा. मुंबई-पुण्याहून येताना रत्नागिरीत थांबा आणि लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान बघा. ते व्यापाऱ्याचं घर नाही, पण उतरतं कौलारू छप्पर, लाकडी खांब, मजल्याची बांधणी सगळं तिथे जागेवर आहे. ते डोळ्यांत घेऊन वेंगुर्ल्याला आलात तर वखारीच्या रिकाम्या खाचांत काय होतं हे मुलाला शब्दांनी सांगावं लागणार नाही. वाटेत राजापूर लागतं. तिथे इंग्रजांची वखार होती, आणि पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केल्याबद्दल महाराजांनी १६६१ मध्ये तिचा समाचार घेतला. आठवीतल्या मुलाला ही गोष्ट ठाऊक असेलच. तिथे फार काही उभं नाही, त्यामुळे गाडीतून जाताना सांगितली तरी चालेल.