वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात भरकटणारा संदर्भ ऑसिलेटर

प्रश्न : चार वर्षांपूर्वी मी लॅमिंग्टन रोडवरून, जुन्या उपकरणातून काढलेला १० मेगाहर्ट्झचा ओव्हनयुक्त (आतल्या हीटरने क्रिस्टल एकाच तापमानाला ठेवणारा) क्रिस्टल ऑसिलेटर घेतला. घरच्या फ्रिक्वेन्सी काउंटरला (वारंवारता मोजणाऱ्या उपकरणाला) तोच संदर्भ म्हणून जोडला आहे. गेल्या जुलैपासून मात्र तो काही तासांत दोन-तीन हर्ट्झ वरखाली होतो. क्रिस्टल निकामी झाला असेल का, आणि धातूची डबी उघडून पाहावी का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : डबी कृपया उघडू नका. ती सोल्डरने बंद केलेली असते, आतले उष्णतारोधक एकदा विस्कटले की पूर्ववत बसवणे घरी जवळजवळ अशक्य होते, आणि आपण दिलेल्या वर्णनावरून दोष बहुधा डबीच्या बाहेरच आहे.

प्रथम ओव्हनची खात्री करून घ्या. ऑसिलेटरच्या पुरवठ्याच्या तारेत मल्टिमीटर अँपिअरवर लावा आणि थंड अवस्थेतून सुरुवात करा. आत हीटर असल्यामुळे सुरुवातीला प्रवाह बराच जास्त असतो आणि पाच-दहा मिनिटांत तो स्पष्टपणे उतरून एका पातळीवर स्थिरावतो. प्रवाह आरंभापासूनच कमी असेल तर हीटर चालत नाही. तो कधीच उतरत नसेल, तर तापमानाचे नियंत्रण सुटले आहे. ओव्हन बंद पडला असता तर वारंवारता दोन-तीन नव्हे, तर दहा-वीस हर्ट्झ किंवा त्याहून पुष्कळ अधिक सरकली असती, म्हणून माझा संशय दुसरीकडे आहे.

या ऑसिलेटरला सूक्ष्म जुळणीसाठी एक व्होल्टेजची पिन असते. समजा, ० ते ५ व्होल्टच्या टप्प्यात वारंवारता १० हर्ट्झने बदलते. तर तीन हर्ट्झ सरकायला तिथे दीड व्होल्ट हलावे लागतील. एवढा मोठा बदल जुन्या मंडलात सहज घडतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एक क्षुल्लक भाग असतो : या पिनेच्या वाटेवर गाळणी म्हणून लावलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यातून अवघे १० मायक्रोअँपिअर गळू लागले आणि मागे १०० किलोओहमचा रोधक असला, तर त्या रोधकावर पूर्ण एक व्होल्ट खर्च होतो. दुसरा संशयित म्हणजे जुळणीचा प्रीसेट (फिरवून बदलायचा छोटा रोधक), ज्याचा सरकता संपर्क काळाने मळतो. तिसरा, आपल्या मुंबईच्या पावसाळी दमट हवेत फारच महत्त्वाचा : बोर्डावर राहिलेल्या फ्लक्सवर (सोल्डरिंगच्या वेळी लावलेल्या पदार्थावर) ओलाव्याचा थर बसून होणारी गळती. बिघाड जुलैत सुरू झाला, हे मला अर्थपूर्ण वाटते.

शहानिशा करण्याची एक सोपी युक्ती आहे. पिनेला येणारी तार सोडवा आणि तिच्या जागी दोन नवे पेन्सिल सेल एकसर जोडून सुमारे ३ व्होल्ट द्या. मात्र आपल्या ऑसिलेटरला तेवढे चालतात याची आधी खात्री करा. वारंवारता सेटिंगपासून थोडी दूर जाईल, त्याची चिंता नको. ती रात्रभर स्थिर राहिली, तर क्रिस्टल निर्दोष आहे. मग कपॅसिटर बदलून फिल्म प्रकारचा लावा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा, आणि सीलबंद बहुफेरी प्रीसेट बसवा. पुरवठा २३० व्होल्टवरून असल्याने सोल्डरिंगपूर्वी प्लग काढणे आणि मोठे कपॅसिटर रिकामे होऊ देणे अनिवार्य आहे.

दुरुस्तीनंतर लगेच जुळणी करू नका. बंद राहिलेला क्रिस्टल पुन्हा सुरू झाल्यावर आपल्या जुन्या वारंवारतेला यायला कित्येक दिवस घेतो. किमान आठवडाभर तो अखंड चालू ठेवा. नंतर जीपीएस मॉड्यूलच्या दर सेकंदाच्या स्पंदावर ऑसिलोस्कोप ट्रिगर करून (म्हणजे प्रत्येक स्पंदाला पडद्यावरचे चित्र सुरू होईल असा लावून) १० मेगाहर्ट्झची लहर पाहा. तिचे एक आवर्तन १०० नॅनोसेकंदांचे असते. १० सेकंदांत लहर एक पूर्ण आवर्तन सरकली, तर चूक ०.१ हर्ट्झ, म्हणजे एक कोटीत एकदशांश. मॉड्यूलचा स्पंद स्वतः काही नॅनोसेकंद थरथरतो, म्हणून एकाच क्षणाकडे न पाहता सरासरी कल पाहा आणि प्रीसेट अगदी सावकाश फिरवा. सरकणे थांबल्यावर जुळणीचे व्होल्टेज मोजा आणि ते तारखेसह पेटीच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा; पुढच्या पावसाळ्यात तुलनेला तोच आकडा उपयोगी पडेल.